जेमिमाची खेळी आणि आमच्या घरातलं पच्चक्खाण



क्रिकेटवर मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. इथे आजवर मी आयंबिलचे पदार्थ, पर्युषणाची तयारी, पापड-कुरडयांचं वेळापत्रक असंच लिहीत आले. आज मात्र 30 ऑक्टोबर 2025 च्या रात्रीबद्दल लिहिते आहे. त्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं. तुमच्यापैकी अनेकींनी तो सामना पाहिला असेल. त्याच रात्री यावलच्या आमच्या घरात जे उघडकीला आलं, ते सांगायला मला काही महिने लागले. ज्या सुनेबद्दल हे आहे तिने आधी वाचलं, दोन वाक्यं काढायला लावली आणि मग म्हणाली, "टाका मम्मीजी."

आधी सामन्याचं सांगते, कारण सगळ्यांना क्रिकेट कळतं असं नाही. मलाही फारसं कळत नाही. पण बी.कॉम. केल्यामुळे आकडे दिसले की हातात पेन्सिल येते, तेवढीच माझी पात्रता.

आपल्या संघाची सुरुवात छान झाली होती. श्रीलंका आणि पाकिस्तान यांना हरवलं. मग दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव. इंग्लंडकडून तर फक्त 4 धावांनी हरलो, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर, 19 ऑक्टोबरला. आमचे हे फराळाच्या ताटासमोर तोंड पाडून बसले होते. भाऊबीजेला न्यूझीलंडला हरवलं तेव्हा कुठे सेमीफायनल नक्की झाली. त्यानंतरचा बांगलादेशचा सामना पावसात गेला आणि त्यात सलामीची प्रतीका रावल जखमी झाली.

आणि समोर ऑस्ट्रेलिया. वर्ल्ड कपमध्ये तो संघ 2017 नंतर हरलेलाच नव्हता. तेव्हाही त्यांना सेमीफायनलमध्ये आपणच हरवलं होतं, हरमनप्रीतच्या नाबाद 171 धावांनी. पण यंदा साखळीतल्या सामन्यात आपण 330 धावा करूनसुद्धा त्यांनी त्या पार केल्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा मोठा पाठलाग तोवर कुणी केला नव्हता.

तो गुरुवार होता, कार्तिक शुद्ध अष्टमी. हिरवी भाजी नाही म्हणून मी गट्ट्याची भाजी, खिचडी आणि कढी केली होती. सामना दुपारी तीनला सुरू झाला. टीव्ही बैठकीत चालू होता आणि माझं येता-जाता लक्ष होतं. त्यांची फीबी लिचफील्ड अशी काही खेळत होती की परकी असूनही पाहत राहावं. 119 धावा केल्या तिने. एलिस पेरीने 77, गार्डनरने 63. सगळ्या मिळून 338. आम्हाला 339 हव्या होत्या. मी कॅलेंडरच्या मागे भागाकार केला, षटकाला पावणेसातपेक्षा जास्त. ह्यांना म्हटलं, "हा हिशोब जुळायचा नाही." सगळ्यांचं जेवण सहाच्या आतच उरकून चौविहार केला होता, मग मी प्रतिक्रमणाला स्थानकात गेले.

आता घरातलं.

आमच्या सुनेला मागच्या जानेवारीत दुसरं बाळ झालं. बाळ गुटगुटीत, घरात आनंद. पण हिला झोप लागेना. उन्हाळ्यापर्यंत तिचं वजन उतरलं, बोलणं कमी झालं. भाजी फोडणीला टाकून ती गॅससमोर नुसती उभी राहायची. मी काय केलं? आराम मिळावा म्हणून स्वयंपाक तिच्या हातून काढून घेतला आणि सांगितलं, "समता ठेव. नवकार मोज. आमच्या वेळी तर..." पुढचं तुम्हाला पाठ असेल. माझी सासू मला हेच म्हणायची.

मुलगा तिला जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाळंतपणानंतर काही जणींना असा मनाचा आजार होतो, तो बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळी दिली, रात्री झोपताना घ्यायची. घरी आल्यावर मी मुलाला पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल? "समाजात कुणाला बोलू नकोस." गोळ्यांची पाकिटं कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. पाहुण्यांना सांगायचं काय ते मी ठरवून टाकलं, "थोडा अशक्तपणा आहे."

पुढे जुलैत चातुर्मास बसला. स्थानकात महासतीजींचं व्याख्यान झालं आणि एकेक जण उभं राहून चार महिन्यांचं पच्चक्खाण घेऊ लागलं. मी सुनेकडे पाहिलं. फक्त पाहिलं, बोलले नाही. पण सासूचं पाहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ती उभी राहिली आणि तिने चार महिन्यांचा चौविहार घेतला. मला किती बरं वाटलं. शेजारची म्हणाली, "सून गुणाची आहे हो तुमची," आणि मी मान डोलावली.

रात्रीच्या गोळीचं काय, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मी माझ्यापुरतं काढून टाकलं, सूर्यास्ताआधी घ्यायची. डॉक्टरांना विचारलं नाही. महासतीजींनाही विचारलं नाही. का, तर विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

त्या अष्टमीला प्रतिक्रमण करून मी परत आले तेव्हा सव्वासात झाले असतील. हे म्हणाले, "शफाली गेली. 13 वर पहिली विकेट." जखमी प्रतीकाच्या जागी ही शफाली आली होती. आणि तिसऱ्या क्रमांकावर खेळायला आली जेमिमा रॉड्रिग्ज, मुंबईची पोर. ह्यांनी माहिती पुरवली की या वर्ल्ड कपमध्ये ती दोनदा शून्यावर बाद झाली होती आणि इंग्लंडविरुद्ध तर तिला संघातूनच वगळलं होतं. मी म्हटलं, "मग आज तिलाच का पाठवली?"

थोड्या वेळात आपली सांगलीची स्मृती मानधनाही 24 वर गेली. 59 वर 2. अजून 280 हव्या. ह्यांनी रिमोट उचलला. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "पप्पाजी, राहू द्या ना."

सून दारात उभी होती, बाळ खांद्यावर. कित्येक दिवसांत तिने आपणहून काही मागितलं नव्हतं. ह्यांनी रिमोट ठेवून दिला.

मग जे सुरू झालं त्याला भागीदारी म्हणतात. वाणिज्य शाखेत आम्ही पार्टनरशिपची खाती शिकलो, भांडवल किती, वाटा किती, तोटा झाला तर कुणी किती सोसायचा. जेमिमा आणि हरमनप्रीत यांचं खातं मी डोळ्यांनी पाहिलं. एकीला जड गेलं की दुसरी चौकार मारायची. दोघी मध्ये येऊन काहीतरी बोलायच्या, पुन्हा आपापल्या टोकाला जायच्या. जेमिमाचे पन्नास झाले तरी तिने बॅट उंचावली नाही. एकेक, दोन-दोन धावा पळत राहिली. मी दर पाच षटकांनी कॅलेंडरच्या मागे आकडा मांडत होते आणि सून दारातूनच विचारत होती, "आता किती?"

जेमिमा 82 वर असताना तिचा उंच उडालेला झेल त्यांच्या कप्तान एलिसा हीलीच्या हातून सुटला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मला ओशाळल्यासारखं झालं. संध्याकाळीच स्थानकात आलोचना करून आले आणि इथे दुसऱ्याच्या चुकीची अनुमोदना करते आहे! ह्यांना म्हटलं तर हसून म्हणाले, "उद्याच्या प्रतिक्रमणात टाक."

167 धावा जोडल्यावर हरमनप्रीत 89 वर बाद झाली. अजून 113 हव्या होत्या. 2017 ची आठवण काढणारे हे गप्प झाले. मला वाटलं, आता संपलं, मोठी माणसं गेली की घर कोसळतं तसं. पण जेमिमा जागची हलली नाही. दीप्ती शर्मा आली, तिने 24 केल्या. रिचा घोष आली, तिने 26 केल्या. शतक झालं तरी जेमिमाने जल्लोष केला नाही. 106 वर तिचा आणखी एक झेल सुटला. या वेळी मी टाळी वाजवली नाही, पण मनातून वाजवली, तेही कबूल करते.

दुकान बंद करून मुलगा आला, तोही बूट न काढता उभ्यानेच बघत राहिला. शेवटी अमनजोत कौरने चौकार मारला आणि झालं. 48.3 षटकांत 5 बाद 341, 9 चेंडू शिल्लक. जेमिमा नाबाद 127, 134 चेंडूंत. अठरा दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाने आपल्याविरुद्ध केलेला पाठलागाचा विक्रम आपण त्यांच्याचविरुद्ध मोडला होता. बाहेर कुणीतरी फटाके लावले, दिवाळीतले उरलेले असतील. हे आणि मुलगा एकमेकांना मिठ्या मारत होते.

पडद्यावर जेमिमा रडत होती. जिंकल्यावर रडतात सगळे, त्यात नवल नाही. पण मग ती बोलली. या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडलो आहोत, मनाने आपण ठीक नव्हतो, चिंतेने आतून पोखरलो होतो, असं तिने सगळ्या जगासमोर सांगितलं. पुढे पत्रकारांशी बोलतानाही तिने ते लपवलं नाही. आईला फोन करून ती नुसती रडायची. हे आपण अशासाठी सांगतो आहोत, की बघणाऱ्यांपैकी कुणी यातूनच जात असेल, असंही ती म्हणाली. सरावाच्या वेळी स्मृती येऊन फार काही न बोलता नुसती शेजारी उभी राहायची, कारण आपण जवळ असण्याची हिला गरज आहे हे तिला कळत होतं. आणि अगदी थकल्यावर ती आपल्या बायबलमधलं वचन मनात म्हणत खेळत राहिली.

मी टीव्हीकडून दाराकडे पाहिलं. सून तिथे नव्हती.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती खाली फरशीवर बसली होती. बाळ झोपलं होतं. मी म्हटलं, "अगं, जिंकलो ना आपण." ती म्हणाली, "मम्मीजी, मी गोळ्या बंद केल्यात. दोन महिने झाले."

हळूहळू एकेक बाहेर आलं. गोळी सूर्यास्ताआधी घेतली की तिला साडेसातलाच गुंगी यायची. बाळ रडायचं, मोठ्याचा अभ्यास राहायचा. एकदा मी म्हणाले होते, "आत्तापासून झोप?" मला ते आठवतही नव्हतं. तिला तारखेसकट आठवत होतं. रात्री घ्यावी तर पच्चक्खाण मोडतं, आणि सगळ्यांसमोर उभं राहून घेतलेलं. मग तिने गोळी घेणंच सोडलं. "आणि स्वयंपाकही तुम्ही काढून घेतलात," ती म्हणाली. "मला वाटलं, आता मी या घरात कशाच्याच कामाची नाही." मला वाटत होतं मी आराम देते आहे. तिला संघातून वगळल्यासारखं झालं होतं.

माझ्या तोंडावर उत्तरं तयार होती. मी तुझ्या भल्यासाठीच. मला सांगायचं तरी. समता ठेव. यातलं एकही बोलले नाही, यात माझा काही मोठेपणा नाही. दोन मिनिटांपूर्वीच स्मृतीबद्दल ऐकलं होतं, म्हणून सुचलं. गुडघे दुखतात माझे, तरी फरशीवर तिच्या शेजारी बसले. किती वेळ ते मोजलं नाही. एका सामायिकाइतका तरी असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला डॉक्टरांकडे गेलो, या वेळी मीही. गोळ्या मनानेच बंद करायच्या नसतात, वेळही मनाने बदलायची नसते, हे त्यांनी मला समजावलं, सुनेला नाही. त्यांनी बरोबर ओळखलं होतं कुणाला सांगायचं ते.

तिथून आल्यावर मी महासतीजींकडे गेले. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली होती, चातुर्मास संपून त्यांचा विहार व्हायचा होता, त्याआधी हे सांगायचंच होतं. मी सगळं सांगितलं, साड्यांमागच्या पाकिटांपासून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पच्चक्खाणात आगार कशासाठी असतात?" मैत्रिणींनो, आपण ते शब्द दररोज ऐकतो. नकळत झालं तर, अचानक घडलं तर, अशा सवलती पच्चक्खाणाच्या पाठातच आहेत. त्यातला एक आगार समाधीसाठी आहे, आजारपणात जीव बेचैन झाला तर औषध घेता यावं म्हणून. शिवाय चौविहाराच्या अलीकडे तिविहार आहे, दुविहार आहे, ज्याची जेवढी शक्ती तेवढं. ज्यांनी हे नियम घालून दिले त्यांना माणसाचं शरीर आणि मन माहीत होतं. मलाच ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. आलोयणा मी मागितली. "ती सुनेला नको, तुम्हालाच देते," महासतीजी म्हणाल्या, आणि दिली. काय दिली ते माझ्यापाशी राहू दे.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. त्या मुलीची आपल्या देवावर श्रद्धा होती, ती अखेरपर्यंत प्रार्थना करत होती, आणि तरीही तिला आईचा फोन लागत होता, शेजारी उभी राहणारी मैत्रीण लागत होती. तिला यात काही विरोध दिसला नाही. मी मात्र सुनेच्या हातात नवकाराची माळ दिली आणि तिच्याजवळून उठून गेले. नवकार कमी पडला नाही. बसायला मी कमी पडले. समता ठेव असं सांगताना माझ्या मनात खरं तर एवढंच होतं, की तुझं रडणं मला दिसू देऊ नकोस.

2 नोव्हेंबरच्या रविवारी फायनल होती, दक्षिण आफ्रिकेशी, त्याच मैदानावर. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला. संध्याकाळची भाजी सुनेने केली, तिनेच मागून घेतली. तिखट जास्त झालं होतं, कुणी बोललं नाही. शफालीने 87 केल्या, आपण 298 वर थांबलो. रात्री डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला मी उठले, उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन बैठकीत आले आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली. पाणी देताना माझा हात थोडा अडखळला, चाळीस वर्षांची सवय आहे. पण दिलं.

तिकडे त्यांची वोल्वार्ट शतक करून लढत होती आणि दीप्ती एकेक विकेट काढत होती. ह्यांचा श्वास अडकलेला. मी सुनेकडे पाहिलं तर ती गादीवर आडवी होऊन गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात बाळाच्या पाठीवर. मुलगा म्हणाला, "उठवू का? शेवटच्या विकेट आहेत." मी नको म्हटलं. टीव्हीचा आवाज बंद केला. आपण वर्ल्ड कप जिंकलो ते आमच्या घरात आम्ही तिघांनी आवाज न करता पाहिलं.

सकाळी तिने डोळे चोळत विचारलं, "काय झालं?"

"52 धावांनी," मी सांगितलं. "दीप्तीच्या पाच विकेट."

"मला उठवलं का नाही?"

अजून सगळं नीट झालेलं नाही. वाईट दिवस येतात, पण आता ती सांगते. गोळ्यांची पाकिटं साड्यांमागून निघून फ्रिजवरच्या डब्यात आली आहेत, माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी. परवा एका बाईंनी विचारलं, "कसल्या आहेत हो या?" सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मनाच्या आजाराच्या. बरी होते आहे आता." त्या बाई जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या मुलीलाही चालू आहेत."

तुमच्या घरी कपाटात साड्यांमागे असं काही असेल तर पुढचा चातुर्मास यायच्या आत विचारा, डॉक्टरांनाही आणि महाराज साहेबांनाही. आणि सुनेकडे नुसतं पाहताना जरा जपा.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. सुनेला मी ते संवत्सरीला म्हटलं होतं, पण तेव्हा नुसतं तोंडाने. या वेळी कशासाठी म्हणते आहे ते मला माहीत आहे.